बेंच प्रेस अडकला होता, वहीने सोडवला

सहा महिने जिम करून बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलायचं) ५० किलोच्या पुढे सरकतच नव्हता. ट्रेनर म्हणाला प्रोटीन वाढव, अंडी वाढवली, पनीर वाढवलं, वाढलं फक्त पोट. मागच्या वेळी किती मारले हेच आठवायचं नाही, मग दर सोमवारी अंदाजपंचे प्लेटा लावायच्या.

शेवटी पोराची अर्धी कोरी चौरेघी वही उचलली आणि मागच्या पानापासून लिहायला लागलो. "बेंच ५० कि., ५-५-३, शेवटचा अर्धवट, झोप ५ तास." बस एवढंच. ५-५-३ म्हणजे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, त्यात ५, ५ आणि ३ वेळा वजन उचललं. तीन आठवड्यांनी पानं चाळली तर आकडे वर खाली नाचतायत, म्हणून बार, म्हणजे प्लेटा अडकवायचा लोखंडी दांडा, नीट बघितला तर आमच्याकडे दोन बार आहेत, एक २० किलोचा आणि एक १५ चा, जो मोकळा दिसेल तो मी घ्यायचो, म्हणजे कित्येकदा ४५ लाच ५० समजत होतो! लाज वाटली खरं तर.

आता बार किती, प्लेटा किती हे वेगवेगळं लिहितो. दोन सेटमध्ये ३ मिनिटं, घड्याळ लावून. तिन्ही सेट ५-५-५ पूर्ण झाले तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे, दोनदा फसलं की १० टक्के उतरवायचे. चार महिन्यांत साडेबासष्टवर आलोय.

अ‍ॅप पण टाकून पाहिलं होतं, पण फोन हातात आला की रील्स सुरू. आणि हो, सव्वा किलोच्या प्लेटा जिममध्ये कधीच सापडत नाहीत, मी स्वतःची जोडी पिशवीतून नेतो, लोक हसतात, हसू देत.