गोव्यात राहून फायनान्स कसं शिकायचं आणि त्यातून कुठली कामं मिळतात

बारावी कॉमर्स झालेली मुलं "फायनान्समध्ये जायचंय" म्हणतात, पण रोज ऑफिसात बसून नक्की काय काम करायला आवडेल असं विचारलं की गप्प होतात. चूक त्यांची नाही, आपल्याकडे बँक आणि सीए सोडून तिसरं काही त्यांना कोणी दाखवतच नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, आधी काम बघा मग कोर्स ठरवा, आणि हे बघणं डिग्री चालू असतानाच करा.

कॉलेज निवडताना फार डोकं पिकवू नका. कुजिराचं धेंपो, मडगावचं दामोदर, नावेलीचं रोझरी, शिवाय साखळी, खांडोळा, पेडणे इथली सरकारी कॉलेजं, सगळी गोवा विद्यापीठाशीच संलग्न आहेत. रोजचे तीन तास कदंबाच्या (सरकारी) बसमध्ये जाणार असतील तर नावासाठी लांबचं कॉलेज घेऊ नका, तेवढा वेळ अभ्यासाला आणि अर्धवेळ कामाला लागणार आहे. नवीन चार वर्षांच्या पॅटर्नमध्ये तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष करायचं की नाही हे तेव्हा ठरवता येईल. विषय निवडताना स्टॅटिस्टिक्स टाळू नका, नंतर प्रत्येक परीक्षेत ते समोर उभं राहतंच.

पहिल्या वर्षी: एक ताळेबंद नीट वाचा

इथल्याच एका कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या. शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या कंपनीचा अहवाल बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर फुकट मिळतो. उदाहरणार्थ गोवा कार्बन. ही कंपनी पेट्रोलियम कोक भाजून तयार करते आणि तो मुख्यतः ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना जातो. आता नफा-तोटा पत्रकात कच्च्या मालाचा आकडा बघा, विक्रीच्या मानाने तो किती मोठा आहे ते काढा, मग मागच्या चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी एक्सेलमध्ये मांडा. कच्चा माल बाहेरून येतो म्हणजे डॉलर वर गेला की काय होतं, गोदामात महाग घेतलेला माल पडलेला असताना भाव उतरला तर काय होतं, नफा दिसतोय पण कॅश फ्लोमध्ये, म्हणजे रोख पैशांच्या ये-जा पत्रकात, पैसा का दिसत नाही, हे प्रश्न आपोआप पडायला लागतात. वर्किंग कॅपिटलचा (रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचा) धडा पाठ करून जे कळत नाही ते इथे एका रविवारात कळतं. मग होंड्याची एसीजीएल (ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा) घ्या, ती बसच्या बॉड्या बनवते, तिथला हिशोब वेगळाच दिसेल.

दुसऱ्या वर्षी: सुट्टीत प्रत्यक्ष काम

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथेच कळतं आपल्याला काय जमतं. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही सीएच्या ऑफिसात जाऊन सरळ विचारा, मे महिन्यात काम शिकू का. पगार मिळेल न मिळेल, पण टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एन्ट्री, बँक रिकन्सिलिएशन (आपला हिशोब बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं) आणि जीएसटी हातून होईल. जीएसटीत एक काम आवर्जून मागून घ्या, ते म्हणजे खरेदीचं रजिस्टर आणि पोर्टलवरचं २बी (सप्लायरनी अपलोड केलेल्या बिलांची यादी) जुळवणं. २बी साधारण १४ तारखेला येतं आणि ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, २० तारखेपर्यंत भरायचं असतं, मधल्या दिवसांत कोणत्या सप्लायरने बिल अपलोडच केलं नाही, कोणी जीएसटी नंबर चुकवला, हे शोधून त्याला फोन करायचा, कारण ते बिल तिथे दिसलं नाही तर तुमच्या गिऱ्हाइकाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं. हे करताना मजा येत असेल तर अकाउंट्स-टॅक्स तुमची लाइन आहे.

दुसरी जागा म्हणजे हॉटेल. गोव्यात एवढी हॉटेलं, पण त्यांच्या मागच्या अकाउंट्स खात्याकडे कॉमर्सच्या मुलांचं लक्षच नसतं! नाइट ऑडिटर म्हणून रात्री बसायचं, प्रत्येक रूमचं भाडं पोस्ट झालं का बघायचं, रेस्टॉरंट आणि बारची बिलं सिस्टमशी ताडायची, कार्ड मशीनचं सेटलमेंट जुळवायचं आणि दिवसाचा हिशोब बंद करायचा. रात्रीची ड्युटी सगळ्यांना झेपत नाही हे खरं, पण पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो हे इतक्या जवळून दुसरीकडे दिसत नाही. पुढे इन्कम ऑडिट, कॉस्ट कंट्रोल, फायनान्स मॅनेजर असा रस्ता आहे.

मग परीक्षा ठरवा

सीए करायचं असेल तर बारावीनंतर फाउंडेशन, किंवा बीकॉमला ५५ टक्के असतील तर थेट इंटरमीजिएट. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली करायचं प्रशिक्षण, आता दोन वर्षांची आहे. मन लावून करणार असाल तरच घ्या, घरचे म्हणतात म्हणून नको.

सरकारी बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) आणि क्लार्क परीक्षेला कुठलीही डिग्री चालते. क्लार्कची परीक्षा कोकणीतून आणि मराठीतूनही द्यायची सोय झाली आहे, तरी इंग्रजीचा पेपर असतोच. क्लार्कसाठी अर्ज करताना त्या राज्याची भाषा यावी लागते, म्हणजे गोव्यासाठी कोकणी, आणि ती वाचायला-लिहायलाही येते ना हे आधीच बघून ठेवा.

म्युच्युअल फंडात काम करायचं तर एनआयएसएम या संस्थेची सिरीज ५-ए, म्हणजे म्युच्युअल फंड विकणाऱ्यांची परीक्षा द्या, ५० टक्क्यांना पास होतं, कॉलेजात असतानाच होऊन जाते. त्यानंतर एआरएन (फंड विकणाऱ्याचा नोंदणी) नंबर घेऊन स्वतःचं कामही सुरू करता येतं. पण गावातल्या माणसाचे पेन्शनचे पैसे हाताळताना कमिशन बघून फंड सुचवू नका, कळकळीने सांगतो.

शेअर संशोधन, इन्व्हेस्टमेंट बँकिंग हवं असेल तर सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) किंवा चांगला एमबीए. सीएफएची फी डॉलरमध्ये, तीन लेव्हल, पहिली डिग्रीच्या शेवटच्या दोन वर्षांत देता येते. एमबीएसाठी साखळीचं जीआयएम (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) आणि ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ इथेच आहे. या लाइनच्या नोकऱ्या मात्र बहुतेक मुंबईत, घर सोडायची तयारी हवी.

पहिली नोकरी

वेर्ण्याच्या औषध कंपन्या, को-ऑपरेटिव्ह बँका, क्रेडिट सोसायट्या, हॉटेलं, सीए फर्म, सगळीकडे अर्ज टाका. बायोडेटात "मेहनती, प्रामाणिक" लिहून जागा भरू नका, त्याऐवजी "तीन महिने २बी जुळवलं", "गोवा कार्बनच्या पाच वर्षांच्या आकड्यांचं शीट केलं" असं लिहा आणि ते एक्सेल मोबाईलमध्ये ठेवा, मुलाखतीत उघडून दाखवता येईल. इंग्रजी बोलताना अडखळत असाल तर ते शीट समजावून सांगायची रोज घरी मोठ्याने प्रॅक्टिस करा. आणि ऑफर आली की बेसिक किती, पीएफ आहे का, परीक्षेसाठी सुट्टी देतात का, हे जॉइन व्हायच्या आधी विचारून लेखी घ्या.