इच्छेचा आवेग आणि मनाची तळमळ : अवधूताने दाखविलेली वाट कशी चालावी

बडोद्यातील मराठी घरांमध्ये करुणात्रिपदी, मनाचे श्लोक किंवा दत्तबावनी यांपैकी काहीतरी तोंडपाठ असलेले माणूस हमखास भेटते. तरीही एखाद्या वस्तूची, व्यक्तीची किंवा मानाची ओढ मनाला वेढू लागते, अथवा ती पूर्ण न झाल्याची तळमळ रात्री झोपू देत नाही, तेव्हा या पाठांतराचा उपयोग नेमका कोणत्या क्षणी आणि कसा करायचा, हे फार थोड्यांना कोणी सांगितलेले असते. म्हणून पुढील विवेचन आचरणाच्या क्रमाने केले आहे. त्याचा मुख्य आधार भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूत (विरक्त संन्यासी) आणि यदुराजा यांचा संवाद हा आहे; त्यात अवधूत आपण चोवीस गुरूंकडून काय शिकलो ते सांगतो. या अवधूताला दत्तसंप्रदाय दत्तात्रेय मानतो, आणि नाथमहाराजांनी, म्हणजे संत एकनाथांनी, हाच स्कंध आपल्या भागवतात ओवीबद्ध केला आहे. नर्मदेच्या काठी गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वतींची, म्हणजे टेंबे स्वामींची, १९१४ सालची समाधी आहे आणि नारेश्वरला त्यांचे शिष्य रंगावधूत महाराज यांचे स्थान आहे, त्यामुळे हा विचार बडोदेकरांना परका वाटण्याचे कारण नाही.

आधी इच्छा तपासावी

प्रत्येक इच्छा शत्रू मानून तिच्यावर तुटून पडणे ही पहिली चूक होय. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत स्पष्ट सांगतात की, धर्माला विरोधी नसलेला काम म्हणजे मीच आहे. मुलीचे शिक्षण व्हावे, स्वतःचे घर असावे, जोडीदाराचे प्रेम मिळावे, या इच्छांबद्दल संसारी माणसाने अपराधी वाटून घेऊ नये. इच्छा तपासण्यासाठी स्वतःला एवढेच विचारावे की, ती पूर्ण करताना मला खोटे बोलावे लागेल का किंवा कोणाचे काही हिरावून घ्यावे लागेल का, आणि ती पूर्ण झाली नाही तरी उद्याची माझी कर्तव्ये मी स्वस्थपणे करू शकेन का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर ती इच्छा सोडून द्यावी. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर इच्छा योग्य असूनही तिने मनाचा ताबा घेतला आहे असे समजावे आणि पुढील उपाय सुरू करावेत.

त्यानंतर ओढीचे द्वार ओळखावे. अवधूताने पतंगाकडून रूपाचा, हरणाकडून नादाचा, हत्तीकडून स्पर्शाचा आणि माशाकडून जिभेचा धोका जाणला, तर मध साठवणाऱ्या माशीकडून संग्रहाचा. आपण सगळ्याच दारांनी सारखे दुबळे नसतो, आणि आपले दार कोणते हे प्रामाणिकपणे कळले की अर्धे काम सोपे होते. ज्याला ते ओळखता येत नाही त्याने जिभेपासून सुरुवात करावी, कारण भागवत म्हणते की रसना जिंकली नाही तोवर इतर इंद्रिये जिंकूनही माणूस जितेंद्रिय होत नाही, आणि ती जिंकली की सर्व जिंकले. मात्र उपास म्हणजे विजय नव्हे. आहार तोडल्याने विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मनात राहते, असे गीतेचा दुसरा अध्याय बजावतो. एकादशीला दिवसभर फराळाच्या पदार्थांचाच विचार करण्यापेक्षा, रोजच्या जेवणात आवडत्या पदार्थाचा दुसरा वाढा शांतपणे नाकारणे हा मला अधिक खरा अभ्यास वाटतो.

तरंग असतानाच

विषयांचे चिंतन, चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, त्यातून संमोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश, ही साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ आणि ६३ या श्लोकांत आली आहे. बहुतेक माणसे क्रोधाच्या कडीवर जागी होतात आणि तेथे लढू पाहतात. तेथे यश क्वचितच येते. आपल्या हाती असलेली कडी पहिली आहे, म्हणजे चिंतनाची. नारदभक्तिसूत्रांत सांगितले आहे की हे विकार सुरुवातीला तरंगाएवढे असले तरी संगामुळे त्यांचा समुद्र होतो. तेथे ‘संग’ म्हणजे वाईट माणसांची सोबत, पण आज हातातला फोन हाही संगच आहे असे मानावे. ज्या नातेवाइकाचे परदेशातील घराचे फोटो पाहिल्यावर आपले चांगले चाललेले घर अपुरे वाटू लागते, त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. काही महिने ते फोटो न पाहणे पुरेसे आहे. मन खवळल्यावर, ते खवळण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात आपण काय पाहिले, काय ऐकले आणि कोणाशी बोललो, हे वहीत लिहून ठेवावे. थोड्याच दिवसांत तरंग कोठून उठतो ते दिसू लागते.

तरंग दिसल्यावर काय करावे, याचे एक उदाहरण बडोद्यातच घडले आहे. श्री अरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानच्या सेवेत होते. सुरतेच्या काँग्रेसनंतर, जानेवारी १९०८ मध्ये, ते पुन्हा येथे आले असता विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याबरोबर तीन दिवस साधनेला बसले. लेल्यांची सूचना अशी होती की, विचार करीत बसू नये, केवळ मनाकडे पाहावे; विचार बाहेरून आत येताना दिसतील, आणि ते आत शिरण्यापूर्वीच बाजूला सारावेत. श्री अरविंदांना तीन दिवसांत जी निःशब्दता लाभली ती आपल्याला लाभेल असे मानू नये, परंतु सूचना साधी आहे आणि ती कोणालाही आचरता येते. ‘मला हे हवे’ असे म्हणण्याऐवजी ‘हव्याचा विचार आला’ असे मनाशी म्हणावे आणि त्याला उत्तर न देता पाच दीर्घ श्वास जाऊ द्यावेत. उत्तर दिले नाही की पुष्कळ विचार दारातूनच परततात. जे परतत नाहीत, त्यांच्यासाठी पुढचा उपाय आहे.

पिंगलेची रात्र

अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये विदेहनगरीतील पिंगला ही गणिका आहे, आणि माझ्या मते इच्छेच्या पीडेबद्दल तिच्याइतके कोणी शिकवत नाही. संध्याकाळी सजून ती दारात उभी राहिली. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण धनवान असेल असे तिला वाटे, तो निघून जाई, आणि आणखी मोठा कोणी येईल या आशेने ती आत जाई, पुन्हा बाहेर येई. असे करता करता मध्यरात्र झाली. त्या क्षणी तिला विलक्षण उबग आला आणि त्या उबगातूनच तिला विवेक झाला. हृदयात नित्य असलेल्या, प्रेमही देणाऱ्या आणि संपत्तीही देणाऱ्या स्वामीला सोडून आपण कोणाची वाट पाहत होतो, असे ती स्वतःला विचारते, आणि आशा सोडून सुखाने झोपी जाते. ‘आशा हि परमं दुःखं’ हे वचन याच ठिकाणचे आहे.

या कथेत एक बारीक गोष्ट आहे. पिंगलेचे प्रेम कमी झाले नाही, ते योग्य ठिकाणी गेले. भक्तिमार्गात इच्छा मारायची नसते, तिला वळवायचे असते. नारद तर काम, क्रोध, अभिमानही त्याच्याच ठिकाणी करावेत असे सांगतात. म्हणून रात्री ज्याच्या उत्तराची, पगारवाढीची किंवा क्षमेची आपण वाट पाहत असतो, त्या वाट पाहण्याला आधी नाव द्यावे: ‘मी अमुकाच्या निरोपाची वाट पाहत आहे.’ मग ठरलेल्या वेळी, समजा दहा वाजता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, देवापुढे बसावे आणि ती वाट पाहणे आपल्या शब्दांत त्याला सांगावे. भाषा सुंदर असण्याची गरज नाही. तक्रार असेल तर तक्रार करावी. नामदेव, तुकाराम विठ्ठलाशी भांडले आहेत. त्यानंतर ‘शांत हो श्रीगुरुदत्ता, मम चित्ता शमवी आता’ हे करुणात्रिपदीचे पहिले पद संथपणे म्हणावे. टेंबे स्वामी त्या पदात दत्तालाच माता आणि जनिता, आप्त, बंधू आणि त्राता म्हणतात. माणसांकडून जे जे नाते आपण मागत असतो, ते सारे तेथे एका ठिकाणी ठेवलेले आहे, आणि पद म्हणताना लक्ष याच शब्दांवर असावे.

दुःख झाले असता

इच्छेची पीडा आणि शोक यांत फरक करावा. आईवडिलांचा मृत्यू, मोडलेला संसार, किंवा मुलगा परदेशी गेल्यावर रिकामे झालेले घर, या दुःखाला ‘हे सगळे मिथ्या आहे’ असे सांगून गप्प करू नये, स्वतःलाही नाही आणि शेजाऱ्यालाही नाही. पहिल्या अध्यायात अर्जुन आपला शोक मांडत असताना श्रीकृष्ण मध्ये एक शब्दही बोलत नाहीत. तत्त्वज्ञान येते ते अर्जुनाने मन मोकळे करून शरण आल्यानंतर. म्हणून आधी रडावे, बोलावे, ऐकणारे माणूस शोधावे. थंडी-उष्णतेप्रमाणे येणारे-जाणारे स्पर्श सोसण्याचा जो उपदेश दुसऱ्या अध्यायात आहे, तो त्यानंतर उपयोगी पडतो.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपली असेल, नेहमीची कामे होईनाशी झाली असतील, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. शासनाच्या टेली मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. अशा वेळी मदत घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडली असे कोणालाही म्हणू देऊ नये. गीता योग्य आहार, योग्य विहार आणि योग्य झोप यांना योगाचे अंग मानते, आणि बिघडलेल्या देह-मनाला उपचार देणे त्यातच येते.

नामाचा नेम

संकटात नाम आठवावे असे वाटत असेल तर ते संकट नसताना घ्यावे लागते. गीतेत मनोनिग्रहासाठी अभ्यास आणि वैराग्य अशी जोडी सांगितली आहे, आणि अभ्यासाचा अर्थ रोज, ठरलेल्या जागी, थोडे असा घ्यावा. सुरुवातीला एक माळ पुरे. रंगावधूत महाराजांचे ‘श्वासे श्वासे दत्तनाम स्मरात्मन्’ हे वचन त्यापुढचे आहे: माळ संपल्यावरही श्वासाबरोबर नाम राहू द्यावे, विशेषतः बसची वाट पाहताना आणि झोप येण्यापूर्वी. मन भरकटले तर त्याला रागावू नये, जेथे जाईल तेथून हळूच परत आणावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याचा हट्टही नसावा. एकच माळ पुन्हा सुरू करावी.

वाचनासाठी एकनाथी भागवताचे सातवा ते नववा हे अध्याय घ्यावेत आणि रोज दहा-बारा ओव्यांपेक्षा अधिक वाचू नये. ज्या मुलांचे शिक्षण गुजरातीत झाले आहे, त्यांना नाथांची भाषा अवघड जाते. त्यांच्यासाठी रंगावधूत महाराजांनी १९३५ साली गुजरातीत रचलेली दत्तबावनी आहे, तिच्या बावन्न ओळी थोड्याच काळात पाठ होतात. शक्य असेल तेव्हा मुलांना नारेश्वरला न्यावे, गुरुवार आणि पौर्णिमेची गर्दी टाळून जावे, आणि दर्शनानंतर घाई न करता नर्मदेच्या घाटावर बसून दत्तबावनी त्यांच्याकडूनच म्हणवून घ्यावी.