जुन्या जावा-येझदी मोटरसायकलला बॅटरी निवडताना आणि बसवताना

दुकानात जाऊन एकदम ‘जावाची बॅटरी द्या’ म्हणू नका. आधी मल्टिमीटर घ्या आणि गाडीचा डायनामो, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, काय देतोय ते बघा. बेळगावात माझ्याकडे जुन्या गाड्या घेऊन येणाऱ्या पोरांना मी पहिलं हेच सांगतो. दर वर्षी बॅटरी मरते तेव्हा दोष बहुतेक वेळा बॅटरीचा नसतो. डायनामो, बॅटरीकडे जाणारा चार्ज आवरणारा रेग्युलेटर आणि बॅटरी एकमेकांच्या मापाची असावी लागतात, आणि त्यातल्या दोन गोष्टी गाडीत आधीपासून आहेत. म्हणून निवड त्यांच्याकडे बघून करायची.

त्याआधी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची, एवढं पक्कं करा. या गाड्या बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. तेव्हापासून या गाड्या किती मिस्त्रींच्या हातांतून गेल्यात याचा हिशेब नाही. मध्येच कुणीतरी १२ व्होल्टवर नेलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. हेडलाइटचा बल्ब, कॉइल आणि हॉर्न यांवरचे आकडे वाचा. तिन्ही जुळले नाहीत तर बॅटरीची खरेदी थांबवा आणि आधी वायरिंग लावून घ्या.

आता मोजमाप. कुणाची उसनी का असेना, पण चार्ज केलेली चांगली बॅटरी जोडा. गाडी बंद असताना पूर्ण भरलेली ६ व्होल्टची बॅटरी ६.३ ते ६.४ दाखवते. गाडी चालू करा, हेडलाइट बंद ठेवा आणि रेस वाढवा. काटा ७ ते ७.२ पर्यंत चढायला हवा. तो ६.३ वरच अडकला तर नवी बॅटरी घेऊन काही होणार नाही. डायनामोचे कार्बन ब्रश झिजलेत का बघा, ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्यानं पुसा, पुन्हा मोजा. आणि काटा ७.५ च्या वर गेला तर रेग्युलेटर जास्त चार्ज सोडतोय. अशा गाडीत बॅटरीतलं पाणी सारखं उडतं, आणि सीलबंद बॅटरी घातली तर ती फुगते.

किती एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) घ्यायची, यावर सगळ्यांचा घोळ होतो. जावा २५० चा डायनामो ४५ वॅटचा. ६ व्होल्टला भागलं तर साडेसात अँपिअर, तेही इंजिन चांगलं फिरत असताना. हेडलाइटला ३५ वॅटचा बल्ब असेल तर जवळपास ६ अँपिअर तोच खातो, शिवाय कॉइल आहे, ब्रेक लाइट आहे. संध्याकाळी टिळकवाडीच्या रेल्वे गेटला रांगेत गाडी मंद आचेवर चालू ठेवून उभे राहिलात की डायनामो मागे पडतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. हा भार पेलायला १२ ते १४ एएचची बॅटरी बरोबर आहे. त्याहून मोठी कोंबून डायनामोची कमी भरून निघत नाही, फक्त बॅटरी उतरायला थोडा जास्त वेळ लागतो.

परवा निपाणीचा एक मुलगा आला. “काका, इमर्जन्सी लॅम्पची बॅटरी घातली तर चालतंय की, दोनशे-तीनशे रुपयांत काम होतंय.” चालते, पण थोडेच दिवस. ती ६ व्होल्ट ४.५ एएचची असते आणि साधारण सव्वा ते दीड अँपिअरपर्यंतच चार्ज घेण्यासाठी बनवलेली असते. उतरलेल्या बॅटरीत जुना डायनामो त्याच्या कितीतरी पट ढकलतो. त्या मुलाला मी योग्य एएचची बॅटरी घ्यायला लावली, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

पाण्याची की सीलबंद? रोज चालणाऱ्या आणि मूळ रेग्युलेटर असलेल्या गाडीला मी पाण्याचीच देतो. जास्त चार्ज झाला तर ती सहन करते आणि पाणी भरता येतं. गाडी बहुतेक उभीच असेल, रेग्युलेटर नवा इलेक्ट्रॉनिक असेल, तर सीलबंद एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या थरात मुरवलेली) उत्तम. तिच्यातून ॲसिड गळून क्रोम आणि रंग खात नाही, आणि उभ्या-उभ्या ती कमी उतरते. मूळ काळ्या डब्याचा लूक जपायचा असेल तर जुनी बॅटरी आतून रिकामी करून, धुऊन, तिच्यात सीलबंद बसवता येते. लिथियम मात्र जुन्या रेग्युलेटरवर लावू नका.

पाण्याची नवी बॅटरी कोरडी मिळते. ॲसिड भरल्यावर अर्धा तास तशीच ठेवा, प्लेटा ॲसिड पितात आणि पातळी उतरते. तेव्हा पुन्हा ॲसिड घाला. मग एएचच्या दहाव्या भागानं, म्हणजे १२ एएचला १.२ अँपिअरनं, सावकाश पूर्ण चार्ज करा. झाकणं सैल ठेवा, खोली उघडी ठेवा, जवळ विडी-काडी नको, कारण हायड्रोजन निघतो. यानंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड पुन्हा कधीच नाही. सांडलंच तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता.

बसवण्याआधी डब्याची लांबी, रुंदी, उंची मोजा, आणि टर्मिनल कोणत्या बाजूला येतात तेही बघा. थोडं अंतर राहिलं तर रबराची पट्टी घाला. ट्रे गंजून गेला असेल तर उद्यमबागेत पत्रा वाकवून मिळतो. जांबोटीच्या खड्ड्यांत बॅटरी हलत राहिली की प्लेटा आतून सुटतात, म्हणून पट्टा घट्ट हवा, पण डबा दबेल इतका नको. वाफेची नळी चेन आणि सायलेन्सरपासून लांब, खाली मोकळी सोडा. ती कुठं मुडपली तर आत दाब साठतो.

वायर जोडताना नियम एकच: चासीकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे, जाणारी वायर सगळ्यात शेवटी जोडायची आणि काढताना सगळ्यात आधी सोडायची. मग पाना चासीला लागला तरी शॉर्ट होत नाही. ती वायर प्लसची की मायनसची, हे गाडीवर आहे. १९५० नंतरच्या बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन अशा बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत प्लस चासीला असतो, त्याआधीच्या अनेकांत उलट. कॅन्टोन्मेंटच्या गावात अशा गाड्या अजून घराघरांत सापडतात, म्हणून रंगावर विसंबू नका, वायरिंगचा नकाशा बघा. उलटी जोडली तर डायोड असलेल्या गाडीत तो क्षणात जातो. लाइव्ह वायरला १५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

आणि अर्थ (अर्थिंग), म्हणजे चासीतून बॅटरीकडे परत जाणारी जोडणी. ६ व्होल्टमध्ये तेवढ्याच वॅटसाठी करंट दुप्पट लागतो, त्यामुळे गंजलेला एक बोल्टसुद्धा उजेड खातो. हेडलाइट लावून बॅटरीचा अर्थ टर्मिनल आणि इंजिनचं केसिंग यांत मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर चासीचा तो भाग घासून धातू उघडा करा, वायर पुन्हा आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा.

खानापूरच्या बाजूला जूनपासून गाडी महिनोन् महिने शेडमध्ये राहते. बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. ६.२ च्या खाली उतरलेली तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट कडक बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही.