गाडी डायव्हर्ट झाली तर खान्देशातल्या प्रवाशानं काय करायचं

पावसाळा आला की आपल्याकडं हे ठरलेलं असतं, घाटात दरड पडते नाहीतर कुठंतरी मालगाडीचे डबे घसरतात, आणि मग जळगाव, भुसावळ, चाळीसगावच्या प्लॅटफॉर्मवर सगळे एकमेकांना विचारत बसतात, गाडी येस का नही भो. कोणी दवाखान्यासाठी मुंबईला निघालेलं असतं, कोणाचा दुसऱ्या दिवशी पेपर असतो, आणि माहिती कोणाकडंच धड नसते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, सेव्ह करून ठेवा.

सगळ्यात पहिलं म्हणजे गाडी कुठे आहे हे नंतर बघा, आधी लाईन कुठे अडकलीय ते विचारा. एकदा ते कळलं की गाडी कुठून वळणार याचा अंदाज तुम्ही स्वतः बांधू शकता, अनाउन्समेंट व्हायच्या आधी, आणि तेवढ्या वेळात चार लोकांच्या आधी एसटी गाठता येते. लाईन कुठे बंद आहे हे १३९ वर किंवा स्टेशन मास्तरकडे विचारलं तर सांगतात, फक्त "गाडी किती वाजता येईल" असं विचारू नका, कारण ते त्या वेळी त्यांनाही माहीत नसतं.

आता नकाशा डोक्यात बसवा. भुसावळहून तीन बाजूंना फाटे, एक खंडवा-इटारसी, एक अकोला-बडनेरा-नागपूर, आणि एक जळगावकडं. जळगावला परत दोन, एक पाचोरा-चाळीसगाव-मनमाड करून मुंबई, दुसरा अमळनेर-दोंडाईचा-नंदुरबार-नवापूर करून सुरत. मनमाडहून एक फाटा अहिल्यानगर-दौंड-पुणे आणि एक छत्रपती संभाजीनगरकडं. बस, एवढंच, यातला एक तुकडा बंद पडला की कंट्रोल ऑफिस, म्हणजे गाड्या कुठून न्यायच्या ते ठरवणारं रेल्वेचं कार्यालय, उरलेल्या तुकड्यांतून वाट काढतं.

कसारा घाट बंद असेल तर दोन पर्याय असतात. एक, मनमाडहून दौंड-पुणे-कर्जत करून कल्याण. मनमाड ते कल्याण सरळ साधारण २०० किलोमीटर आहे, इकडून जायचं तर ते दुपटीहून जास्त होतं, म्हणजे रात्रीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली तरी आश्चर्य वाटू देऊ नका. यात नाशिक पूर्ण सुटतं, म्हणून नाशिकवाल्यांनी मनमाडलाच उतरून एसटी पकडायची, पुढचा विचारच करायचा नाही. आणि दौंडला कोणी घ्यायला येणार असेल तर त्यांना आधीच फोन करून सांगा, कारण मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या दौंड जंक्शनला न जाता दौंड कॉर्ड लाईन नावाच्या वेगळ्या स्टेशनवरून जातात, इंजिन फिरवायला लागू नये म्हणून. माणूस एका स्टेशनवर आणि नातेवाईक दुसऱ्या, असं व्हायला नको.

पण जोराच्या पावसात कसाऱ्याबरोबर लोणावळ्याकडचा बोरघाटही बंद पडू शकतो. तेव्हा दुसरा पर्याय, जळगावहून नंदुरबार-सुरत-वसई रोड करून मुंबई. यात पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, नाशिक सगळं गेलं. तुमचं बोर्डिंग पाचोरा किंवा चाळीसगाव असेल तर तिथं बसून राहू नका, सरळ जळगाव गाठा, कारण मुंबईकडं जाणारी गाडी जळगावहूनच अमळनेरकडं वळणार. ज्यांना बोरिवली, विरार बाजूला जायचंय त्यांना उलट फायदा होतो, वसई रोडला गाडी थांबली तर तिथंच उतरून लोकल पकडायची. जळगाव-मनमाडच्या मधे काही झालं तरी बऱ्याचदा हाच सुरतचा मार्ग कामी येतो.

सुरत लाईनच बंद असेल तर हाल नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवाल्यांचे. नवजीवनसारखी लांबची गाडी वसई-कल्याण-मनमाड करून वळवली तर ती थेट जळगावलाच येते, मधला सगळा पट्टा कोरडा. अमळनेरवाल्यांना जळगाव जवळ आहे, नंदुरबारवाल्यांनी मात्र आधी धुळे गाठायचं आणि तिथून ठरवायचं, कारण धुळ्याहून चाळीसगावही करता येतं आणि जळगावही. धुळेकरांना तर दोन्ही लाईनची सवय आहेच, चाळीसगाव बंद तर सुरत लाईनवरचं नरडाणा, नरडाणा बंद तर चाळीसगाव.

खंडव्याकडं बंद असेल तर दिल्ली, यूपीच्या गाड्या भुसावळहून अकोला-नागपूर करून इटारसीला काढतात, बडनेऱ्याहून नरखेडचा फाटाही आहे. बऱ्हाणपूर-खंडव्याला जाणाऱ्यांनी भुसावळला उतरायचं. लांबची गोष्ट आहे म्हणून दुर्लक्ष करू नका, १७ जून २०१५ ला इटारसीच्या सिग्नल केबिनला आग लागली तर महिनाभराहून जास्त काळ गाड्या रद्द होत होत्या, वळत होत्या, आणि त्याचा ताण आपल्या भुसावळवर आला. त्यातून सावरतोय तोच ४ ऑगस्टला हरद्याजवळ कामायनी आणि जनता एक्सप्रेसचा अपघात झाला आणि ती लाईन परत बंद.

लोकांना राग कशाचा येतो तर वळवलेली गाडी अजूनच का रखडते याचा. त्याचं कारण समजून घ्या. त्या लाईनवर तिचा टाईमटेबलमधे पाथच नसतो, म्हणजे तिच्यासाठी राखून ठेवलेली वेळच नसते, ती तिथं पाहुणी, घरच्या गाड्यांची जेवणं झाली की हिला वाढणार. शिवाय लोको पायलटला त्या मार्गाचं रोड लर्निंग झालेलं असावं लागतं, म्हणजे सिग्नल कुठे, चढ कुठे, वेग कुठे कमी करायचा हे त्यानं आधी प्रत्यक्ष शिकलेलं असलं पाहिजे, नसेल तर ते झालेला दुसरा माणूस सोबत द्यावा लागतो. घाटात मागून ढकलायला बँकर नावाचं जादा इंजिन लागतं. सुरत लाईन पश्चिम रेल्वेची, आपली मध्य रेल्वे, म्हणजे दोन झोनच्या कंट्रोलचं बोलणं व्हावं लागतं. एवढं सगळं जुळवणारी माणसं तिथं रात्रभर फोनवर असतात, म्हणून चौकशीच्या खिडकीवर बसलेल्याला शिव्या घालून काही होत नाही.

मेसेजमधले शब्दही नीट वाचा. डायव्हर्टेड म्हणजे मार्ग बदलला, शॉर्ट टर्मिनेटेड म्हणजे मधेच संपवली, शॉर्ट ओरिजिनेटेड म्हणजे मधूनच सुटणार, रेग्युलेटेड म्हणजे वाटेत थांबवून ठेवणार. डायव्हर्टेड असेल तर नवीन मार्गावर थांबे कुठले दिलेत ते विचारून घ्या. गाडी अमळनेरवरून जाते म्हणजे अमळनेरला थांबतेच असं नाही. अ‍ॅपवर पण डोळे झाकून विश्वास नको, जुन्याच मार्गाची स्टेशनं दाखवत राहतं कधीकधी, एनटीईएसवर, म्हणजे गाड्यांच्या चौकशीच्या रेल्वेच्या स्वतःच्या वेबसाईटवर, डायव्हर्टेड गाड्यांची वेगळी यादी असते ती बघा.

पाणी जास्त घ्या, भाकरी-चटणी बांधून घ्या, म्हातारं माणूस सोबत असेल तर औषध एक दिवसाचं जादा.

आणि हे हात जोडून सांगतो. गाडी मधेच रानात उभी राहिली तर खाली रुळावर उतरू नका, कोणी काहीही ओरडलं तरी. २२ जानेवारी २०२५ ला आपल्याच पाचोऱ्याजवळ परधाडेला पुष्पक एक्सप्रेसमधे आग लागल्याची अफवा उठली, लोक खाली उतरले आणि बाजूच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसं गेली. अडकलेल्या दिवशी शेजारच्या लाईनवर कुठली गाडी कधी येईल याचा काहीच नेम नसतो. दरवाजात उभे राहून बघा, गार्डला विचारा, पण डब्यात रहा. खरंच जीवावर बेतलं आणि उतरावंच लागलं तर शेजारची लाईन नसलेल्या बाजूनं उतरा आणि रुळापासून लांब जा.

राहिला पैशाचा विषय. गाडी डायव्हर्ट झाली आणि तुम्हाला त्या मार्गानं जायचंच नसेल, किंवा तुमचं चढायचं वा उतरायचं स्टेशन नवीन मार्गावर नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. ऑनलाईन तिकीट असेल तर नेहमीचं कॅन्सलचं बटण दाबू नका, त्यात कॅन्सलेशन चार्ज कापला जातो. त्याऐवजी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाईन अर्ज, भरा, डायव्हर्टचं कारण निवडून, गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून ७२ तासांच्या आत. तीन तासांपेक्षा जास्त लेट म्हणून जाणार नसाल तर मात्र गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आधीच टीडीआर भरावा लागतो, इथं खूप जण चुकतात. गाडी पूर्णच रद्द झाली असेल तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात, काही करायची गरज नाही. खिडकीवरचं तिकीट असेल तर स्टेशनवर जाऊन जमा करावं लागतं, आणि ते गर्दीचा विचार करून त्याच दिवशी उरकून टाकलेलं बरं.