बँटमचा रंग बिघडतो कुठे? या चुका टाळा

निळा कोंबडा, निळी कोंबडी, आणि पिल्लांत निम्मीच निळी. बाकीची काळी, नाहीतर पांढऱ्यावर शिंतोडे उडाल्यासारखी. विकणाऱ्याने फसवलं, असं रत्नागिरी-सिंधुदुर्गात बँटमची, म्हणजे छोट्या चणीच्या कोंबड्यांची, हौस असलेले लोक मग म्हणतात. बहुतेक वेळा फसवणूक नसतेच, कारण जोडी रंग बघून लावलेली असते आणि पिल्लात उतरतं ते जनुक.

काळा रंग फिका करणाऱ्या जनुकाची एक मात्रा, म्हणजे एक प्रत, असली की पक्षी निळा दिसतो. दोन मात्रा आल्या की तो जवळजवळ पांढरा होतो, अंगावर निळे-काळे डाग राहतात. त्याला स्प्लॅश म्हणतात. एकही मात्रा नसेल तर काळा. म्हणून निळ्याला निळी लावली तर सरासरी शंभरात 50 निळी, 25 काळी आणि 25 स्प्लॅश निघतात. सगळीच निळी हवी असतील तर स्प्लॅशला काळा जोडीदार द्या. आपल्याकडे मात्र स्प्लॅश तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, ‘रंग फसला’ म्हणून पहिल्यांदा विकल्या जातात. निळ्या रंगाचं सगळ्यात कामाचं बियाणं असं घराबाहेर जातं, याचं फार वाईट वाटतं.

लव्हेंडर या फिक्या रंगाला निळा समजणं ही दुसरी चूक, आणि ती दोन पिढ्या निस्तरावी लागते. लव्हेंडर सुप्त आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. लव्हेंडर जोडीची सगळी पिल्लं लव्हेंडर होतात, पण शुद्ध काळ्याशी जोडी लावली तर सगळी काळी. ओळखायचं असेल तर कोंबडा हातात धरून उजेडात बघा. निळ्याच्या मानेची आणि पाठीची पिसं छातीपेक्षा गडद असतात, छातीच्या पिसाला बऱ्याचदा काळसर कडाही दिसते. लव्हेंडर चोचीखालून शेपटीपर्यंत एकाच फिक्या छटेचा. या दोघांची जोडी लावू नका. पहिल्या पिढीत निळी आणि काळी पिल्लं येतील, सगळ्यांच्या पोटात लव्हेंडर दडलेला असेल, आणि पुढे कुठला पक्षी काय आहे ते सांगता येणार नाही.

पट्टेदार रंगात नर-मादीचा हिशोब वेगळा. पट्ट्याचं जनुक लिंगसूत्रावर, म्हणजे नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर, असतं, त्यामुळे कोंबड्यात त्याच्या दोन मात्रा बसतात, कोंबडीत एकच. पट्टेदार कोंबडीला काळा कोंबडा लावला तर सगळे कोंबडे पट्टेदार आणि सगळ्या तलंगा काळ्या. पहिल्याच दिवशी काळ्या पिल्लाच्या डोक्यावर फिका ठिपका दिसला की तो नर. पट्टेदार तलंगा हव्या असतील तर कोंबडा पट्टेदार पाहिजे, तोही दोन मात्रांचा. असा कोंबडा फिकट दिसतो. गडद, ठसठशीत पट्ट्यांचा कोंबडा डोळ्यात भरतो म्हणून लोक तोच घेतात. त्याच्यात बहुधा एकच मात्रा असते आणि त्याच्या निम्म्या मुली बिनपट्ट्याच्या निघतात.

आता बापाचं. कोकणातल्या वाडीत कोंबड्या दिवसभर माडाखाली मोकळ्या, आणि शेजारच्या गावठी कोंबड्याला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, म्हणजे काहीच नाही. कोंबडीच्या अंगात नराचं बीज दोन आठवडे सहज टिकतं, कधी तीनही. आज जोडी खुराड्यात कोंडली म्हणून उद्याचं अंडं त्याच नराचं, असं होत नाही. पहिल्या तीन आठवड्यांची अंडी घरात खा, मगच उबवायला ठेवा. खुडूक कोंबडीखाली दोन जोड्यांची अंडी एकत्र ठेवायचीच असतील तर पिल्लं बाहेर येण्याआधी ती वेगळी करा. अंड्यावर पेन्सिलने खूण केली तरी कवच फुटल्यावर पिल्लू कुणाचं ते कळत नाही.

मे महिन्यात घरात तापमान तीसच्या वर असतं. त्या उष्णतेत अंड्यातला गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. म्हणून अंडी सर्वात गार खोलीत ठेवा, आठवड्याच्या आत उबवायला घाला. पावसात हवेतच इतका ओलावा असतो की उबवणी मशीनमध्ये पाणी भरण्याआधी आर्द्रतामापक बघा. बारा अंड्यांतून चारच पिल्लं आली तर रंगाचं प्रमाण कळणार तरी कसं?

निवड घाईने करू नका. पाच-सहा महिन्यांपर्यंत पिसं बदलत राहतात, आणि ठिपकेदार पक्ष्यांत पांढरं दर पीसझडीनंतर वाढतं. उन्हाने काळा तांबूस होतो, पांढरा पिवळट. तो दोष पिल्लात जात नाही. पंख उचलून झाकलेली पिसं बघा, खरा रंग तिथे असतो.

उलट्या पिसांचे दोन पक्षी एकमेकांना लावू नका. चौथा हिस्सा पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ होतात की अंग उघडं पडतं, आणि जुलैच्या पावसात ती तग धरत नाहीत. आखूड पायांच्या जपानी बँटमच्या जोडीत तर चौथा हिस्सा गर्भ अंड्यातच मरतात. दोष मात्र मशीनला दिला जातो.

दोन काळ्यांच्या पोटी पांढरं पिल्लू निघालं तर शेजारच्या कोंबड्यावर आळ घेऊ नका. आई-बाप दोघांतही सुप्त पांढरा आहे. नुसतं पिल्लू विकून उपयोग नाही, दोघांच्या पायात खुणेची कडी घाला. पुढे घ्यायच्या कोंबड्याची शंका असेल तर त्याला सुप्त पांढऱ्या कोंबडीशी लावा. लेगहॉर्न चालणार नाही, तिचा पांढरा प्रभावी असतो आणि सगळं झाकून टाकतो. आठ पिल्लं आली आणि आठही रंगीत असली, तर त्याच्यात पांढरा लपलेला असण्याची शक्यता अगदी थोडी. लपलेला असता तर आठही रंगीत येण्याचा योग 256 मध्ये एक.