बालसंधिवातात बदललेला खुबा वर्षानुवर्षं कसा सांभाळावा

सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेल्या संधिवाताने खुबा खाल्ला आणि तो विशी-पंचविशीतच बदलावा लागला, तर पुढेमागे दुसरं ऑपरेशन लागणार हे धरूनच चालावं. ते किती लांबवायचं, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं.

घरी सोडताना बसवलेल्या कृत्रिम सांध्याचे स्टिकर मागून घ्या. वाटी (कमरेच्या हाडात बसते ती), लायनर (वाटीतलं अस्तर), गोळा, दांडा (मांडीच्या हाडात जातो तो) या प्रत्येकाची कंपनी, माप आणि लॉट नंबर त्यावर असतो. या आजारात हाडं लहान आणि मांडीच्या हाडातली पोकळी अरुंद राहते, त्यामुळे बहुधा सगळ्यात लहान मापाचा नाहीतर खास बनवलेला दांडा बसतो. पुढे नुसता झिजलेला लायनर बदलायचा झाला तरी जुन्या वाटीचं नेमकं माप कळावं लागतं. कागद लॅमिनेट करा, मोबाईलमध्ये फोटोही ठेवा.

एक्स-रे सहा आठवड्यांनी, वर्षाने आणि पुढे दर वर्षा-दोन वर्षांनी. दुखत नसलं तरी! नांदेड-लातूरला जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, म्हणून नेमकं हेच राहून जातं. पण लायनरच्या झिजेचे बारीक कण आजूबाजूचं हाड पोखरत असतात, आणि सांधा ढिला होईपर्यंत कळही येत नाही. जुन्या फिल्म सोबत न्या. फरक त्यांच्याशी ताडूनच दिसतो. जांघेत दुखलं तर संशय वाटीचा, उठून पहिली पावलं टाकताना मांडीत दुखलं तर दांड्याचा.

पहिले तीन महिने खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही. सांधा निखळतो तो याच काळात जास्त. भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवा, बैठक गुडघ्यापेक्षा थोडी उंच हवी. उकिडवं बसून खुरपणी आणि पंगतीत मांडी घालणं आमच्या मते कायमचंच सोडावं. कापूस वेचायला वाकणंही त्यातच आलं. मनगटं आखडलेली असतील तर साध्या कुबड्या झेपत नाहीत. कोपरापासूनचा हात टेकवता येईल असा वॉकर मागा.

संधिवाताचं औषध मेथोट्रेक्सेट ऑपरेशनसाठी सहसा थांबवत नाहीत. संधिवाताची सूज रोखणाऱ्या बायोलॉजिक इंजेक्शनचं वेगळं: पुढचा डोस ज्या आठवड्यात येतो तेव्हा तो न घेता ऑपरेशन करतात आणि जखम कोरडी असेल तर साधारण 14 दिवसांनी पुन्हा सुरू करतात. स्टेरॉइडची रोजची गोळी मनाने कधीच बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं, रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

मान आखडलेली आणि जबडा लहान असेल तर भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. सिझेरियन असो की अपेंडिक्स, भूलतज्ज्ञाला हे आधी सांगा, मानेचा एक्स-रे दाखवा.

टाचेच्या भेगा, रुतलेला काटा, किडलेली दाढ हे अंगावर काढू नका. तिथले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत जातात. स्टेरॉइडमुळे ताप दबून राहू शकतो, म्हणून खुबा अचानक दुखू लागला, जखम पाझरली की त्याच दिवशी निघा. मात्र तब्येत फारच ढासळलेली नसेल तर वाटेत गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन घेऊ नका. आधी सांध्यातलं पाणी काढून तपासलं पाहिजे, नाहीतर जंतू कोणता ते सापडत नाही.