घरपट्टीची नोटीस आली की आधी टेप काढा

नाशिकच्या जेल रोडवरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांचं शिलाईचं दुकान होतं. ते गेले, मशीन विकलं, शटर काढून खिडकी बसवली. पण हे महापालिकेला कळवायचं असतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. पुढची अकरा वर्षं त्या खोलीची घरपट्टी दुकानाच्या दराने भरत राहिलो. बिलातली शेवटची बेरीज तेवढी बघायची सवय! वरच्या मजल्याच्या वाढीव बांधकामाची विशेष नोटीस आली, तेव्हा कुठे मी ते कागद नीट वाचले.

बिलात आधी 'करयोग्य मूल्य' शोधा. मोजलेलं क्षेत्रफळ गुणिले दरमहा भाड्याचा ठरवलेला दर गुणिले 12, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. समजा 50 चौरस मीटर आणि दर 20 रुपये (आकडे फक्त हिशोबापुरते), तर 12,000 वजा 1,200, म्हणजे 10,800. सामान्य कर, मलनिस्सारण, शिक्षण कर हे सगळं याच्याच टक्क्यांत. म्हणून मोजणीत पाच चौरस मीटर जास्त लागले, तर बिलाची प्रत्येक ओळ फुगते.

दर ठरतो वापरावर आणि बांधकामावर: निवासी की बिगरनिवासी, आरसीसी की पत्र्याचं. नाशकात आणखी एक गोष्ट आहे. 1 एप्रिल 2018 पासून नव्या मिळकतींना वाढीव दर लागले. त्यामुळे शेजारच्या जुन्या घराशी तुलना करून भांडू नका, तिथे वेळ जातो. त्याच सुमाराला नोंद झालेल्या घराचं बिल मागून बघा.

मग टेप घ्या आणि खोली न् खोली स्वतः मोजा. मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, वीजबिल, आतले-बाहेरचे फोटो जोडून विभागीय कार्यालयात लेखी हरकत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलण्यावर अजिबात विसंबू नका. हरकतीची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. ती चुकली तर पुढचा रस्ताही अवघड होतो, कारण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायालयात अपील करायचं तर आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली लागते आणि वादातली रक्कमही भरावी लागते.

हरकत चालू आहे म्हणून बिल थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड) चढते.

आणि नाव! आमची नोटीस सासऱ्यांच्याच नावाने आली होती. घर घेतलं असेल तर दस्त नोंदल्यापासून तीन महिन्यांत हस्तांतरणाची नोंद द्या. वारसांनीही नाव लावून घ्यावं, नाहीतर सुनावणीत तुम्ही कोण, इथूनच सुरुवात होते.

सुनावणीला मी खिडकीचे फोटो आणि घरगुती वीजबिल नेलं. पुढची खोली निवासी झाली. अकरा वर्षांचा फरक मात्र परत मिळाला नाही. तुमच्या घरातलं एखादं दुकान किंवा क्लास बंद झाला असेल, तर वापर बदलल्याचा अर्ज महापालिकेला याच आठवड्यात द्या.